दसऱ्याचं विमान

माझ्या बायकोने लग्नापासून मला एकाच बाबतीत खोटारडा ठरवून टाकलं होतं, आणि ती बाब म्हणजे विमानं.

बाकी कशातही तिचा माझ्यावर अविश्वास नाही. कारखान्यात उशीर झाला म्हटलं तर मान्य. पाठ धरली म्हटलं तर बाम घेऊन हजर. पण 'कॉलेजात असताना मी स्वतःच्या हातांनी विमानं बनवायचो आणि ती उडायची' असं मी म्हटलं रे म्हटलं, की ती हातातला शिवायला घेतलेला ब्लाउज खालीसुद्धा न ठेवता म्हणायची, "हो का?" तिचं माहेर साताऱ्याकडचं. तिकडच्या बायका एवढ्यातच माणसाला गार करतात.

पुरावा म्हणून माझ्याकडे एक फोटो होता. त्यात मी पुण्यातल्या एका माळावर उभा आहे, केस भरपूर, पोट सपाट, मान वर, तोंड उघडं. विमान फोटोत नाही. फोटो काढणाऱ्या गाढवाने कॅमेरा माझ्यावर धरला आणि विमान होतं माझ्या डोक्यावर, खूप उंच. हा फोटो मी लग्नानंतर पहिल्यांदा दाखवला तेव्हा तिने तो बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाली, "पावसाची वाट बघताय होय?"

तेव्हापासून आमच्या घरात तो 'पावसाचा फोटो'. पाहुण्यांनाही तसाच दाखवला जायचा. पाहुणे हसायचे, मीही हसायचो, पण आतून जळफळाट व्हायचा. मी काही फार मोठा माणूस नाही. तुर्भ्याच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचो, नटबोल्ट मोजायचो. आयुष्यात एकच गोष्ट अशी केली होती की जी सांगताना छाती फुगावी, आणि ज्या एका माणसाला ती पटायला हवी होती त्याच माणसाला ती थाप वाटत होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत आमची मुलगी इंजिनिअरिंगला होस्टेलवर गेली. नेरूळच्या फ्लॅटमध्ये तिचं टेबल मोकळं झालं. बायकोला त्या टेबलाकडे बघून रडू यायचं. मलाही यायचं, खोटं कशाला बोलू, पण रडता रडता माझ्या मनात आलं की या टेबलाची लांबी ग्लायडरच्या पंखाला अगदी बरोबर आहे. मी त्याच रविवारी जाहीर केलं, "मी विमान बनवणार. तुझ्या डोळ्यांदेखत उडवणार. मग बघतो कसली 'हो का' म्हणतेस."

"हो का?" ती म्हणाली.

आमच्या वेळी या छंदाचा एक रिवाज होता. फोर्टातल्या एका गल्लीत दुकान होतं. तिथले म्हातारे शेठ बाल्साच्या फळ्या विकायचे. बाल्सा म्हणजे कापसासारखं हलकं लाकूड. तुम्ही फळी निवडली की शेठ ती स्वतः हातावर तोलायचे, नखाने दाबून बघायचे, आणि जड असेल तर तुमच्यावर खेकसायचे, "विमान बनवतोस का पाट?" कॉलेजात होतो तेव्हा पुण्याहून रात्रीच्या गाडीने येऊन त्यांच्या शिव्या खाऊन गेलोय मी. शिव्या खाल्ल्याशिवाय विमान उडत नाही अशी आमच्यात श्रद्धाच होती.

आता गेलो तर दुकान एसी. काचेचा दरवाजा ढकलून आत शिरलो तर भिंतभर खोकी, प्रत्येक खोक्यावर चकचकीत विमानाचं चित्र. शेठ भिंतीवर, हार घातलेले. गल्ल्यावर नातू.

"बाल्सा आहे का?" मी विचारलं.

"अंकल, बाल्सा कोण घेतं आता?" तो म्हणाला. मला अंकल म्हणणारा तो जगातला पहिला माणूस नसेल, पण लक्षात राहिलेला पहिला. "हे घ्या ना. रेडी टू फ्लाय. खोकं उघडायचं, पंख लावायचे, रिमोट चालू. अर्ध्या तासात हवेत."

"आणि बनवायचं काय?"

"काहीच बनवायचं नाही, तीच तर गंमत आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "अरे बाबा, उडायला काय, कावळासुद्धा उडतो. त्यात तुझी करामत काय?" त्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि नोकराला माळ्यावर चढवलं. माळ्यावरून धुळीने माखलेला बाल्साचा एक गठ्ठा खाली आला. मी एकेक फळी हातावर तोलली, नखाने दाबली. नातू घड्याळाकडे बघत होता. मला शेठची फार आठवण आली. कुणी खेकसलंच नाही, तर फळी बरोबर निवडली की नाही हे कळणार कसं?

मग महिना-दीड महिना मी त्या टेबलापुढे होतो. नकाशा माझ्याकडे जुना होताच, ट्रंकेत घडी घालून ठेवलेला. त्यावर मेणकागद, मेणकागदावर फासळ्या, टाचण्या, ब्लेड, डिंक. बोटं कापली. डोळ्यांनी दगा दिला. वाशीच्या चष्मेवाल्याने त्याच वर्षी सांगितलं होतं की साहेब, तुम्हाला आता दोन्ही नंबर लागले, बायफोकल घ्या. मी म्हटलं, बायफोकल म्हातारे लावतात. मग दोन वेगळे चष्मे केले. दूरचा चेहऱ्यावर असायचा, जवळचा खिशात. टेबलाशी बसलं की उलट. बायको म्हणायची, "एकात भागत असताना दोन कशाला? हौसेला मोल नाही." पण मी ऐकणाऱ्यातला नाही.

पंखांवर लावायचा खास पातळ कागदही आता मिळत नव्हता. घणसोली गावात एक पतंगवाला होता, त्याच्याकडून पतंगाचा पिवळा कागद आणला. त्यावर डोप नावाचं वार्निश लावायचं, म्हणजे कागद ताणून बसतो, टकटक वाजतो. डोपला नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो. खालच्या मजल्यावरच्या काकू दुसऱ्या दिवशी वर आल्या आणि बायकोला बाजूला घेऊन विचारू लागल्या की तुम्ही ब्यूटी पार्लर काढताय का. बायकोने मान हलवली आणि म्हणाली, "नाही हो, ह्यांचं जरा चाललंय." सोसायटीत आठवडाभर माझ्याकडे सगळे सहानुभूतीने बघत होते.

विमान तयार झालं. सुंदर झालं, मीच म्हणतो. दोन हातांवर आडवं घेतलं तर वजन जाणवू नये. बायकोने पंखावरून बोट फिरवलं. ती शिवणारी बाई, तिला ताणलेलं कापड कळतं. "बसलाय मात्र चांगला," ती म्हणाली. मी हवेत! म्हटलं, "रविवारी येतेस बघायला?"

"आधी उडू द्या. उडालं की सांगा, येते."

घ्या! न उडणारं विमान बघायला ती येणार नाही, आणि उडालं हे मी सांगितलं तर तिला पटणार नाही. या बाईला वकील करायला पाहिजे होतं.

त्या वेळी सीवूड्सच्या पलीकडे खाडीच्या अंगाला मोठं भरावाचं मैदान मोकळं पडलेलं होतं. आता तिथे टॉवर आहेत. तिथे रविवारी विमानवाले जमतात असं कळलं होतं. मी स्कूटरवर विमान पाठीला बांधून गेलो, आणि जाताना मनात आमचा माळ होता: दहा-बारा पोरं, हाताला डिंक, एकमेकांच्या विमानाला नावं ठेवणं, कुणाचं पडलं की सगळ्यांनी गवतात तुकडे शोधायला धावणं.

मैदानावर गाड्या उभ्या होत्या. छत्र्या, खुर्च्या, थंड पेयांचा डबा. विमानांची इंजिनं अशी किंचाळत होती की वाटावं मैदानभर मिक्सरवर चटण्या वाटायला घेतल्यात. माणसं मात्र गप्प. प्रत्येकाच्या गळ्यात रिमोटची पेटी, नजर वर, दोन्ही अंगठे चालू. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

त्यांचा म्होरक्या होता टोपी उलटी घातलेला एक तरुण. बापाचा बांधकामाचा धंदा. मराठीच होता, पण एका वाक्यात तीन भाषा बोलायचा. वाईट नव्हता हो. विमान बघून आधी त्याने शीळ घातली. "अंकल, हँडमेड? काय बात करता! ही बघा रे, अंकलने घरी बनवलीय." मग विमानाला सगळीकडून न्याहाळत म्हणाला, "रिसीव्हर कुठंय?"

"नाही."

"इंजिन?"

"नाही."

"मग कंट्रोल कसं करता?"

"नाही करत. दोरीने पतंगासारखं वर चढवायचं. वर गेलं की दोरीची कडी आपोआप सुटते. मग ते आपलं आपण उडतं."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी बघतो."

"नुसतं बघता?"

आता याला काय सांगायचं! अरे, ते बघणं म्हणजेच सगळं. महिनाभर जे हातात होतं ते हातातून सुटतं, आणि आता तुमचं त्यावर काहीही चालत नाही. मान वर करून उभं राहायचं, तोंडाचा आ झालेला आपल्याला कळतसुद्धा नाही. पण हे असलं काही त्या किंचाळणाऱ्या इंजिनांच्या आवाजात बोलता येत नाही. मी म्हटलं, "हो, नुसतं बघतो."

"आणि ती परत कशी येते?"

मग मी त्याला उदबत्तीची युक्ती सांगितली. विमानाची शेपटी एका रबराने खाली धरून ठेवायची. त्या रबरात उदबत्तीचा पेटता तुकडा खोचायचा. उदबत्ती जळत जळत रबरापर्यंत आली की रबर तुटतं, शेपटी टपकन वर उचलली जाते, आणि विमान पालथं न होता आहे त्या जागी हळूहळू खाली उतरतं. नाहीतर गरम हवेच्या झोतात सापडलं तर ते घारीसारखं वर वर जातं आणि मग राम राम.

"अगरबत्ती!" त्याने सगळ्यांना हाक मारून सांगितलं. "टायमर काय तर अगरबत्ती!" सगळे हसले. मीही हसलो, पण दात ओठ खात.

आणि त्यात विमान उडेना. त्या टोपीवाल्याने विमान धरलं, मी दोरी घेऊन पळालो. माझं ते पळणं बघून एकाने खुर्ची रिकामी करून ठेवली. विमान वर चढायचं, दोरी सुटायची, आणि मग ते नाक वर करायचं, जागच्या जागी थबकायचं, धाडकन खाली यायचं. परत नाक वर, परत थबक, परत खाली. पैज लावून प्यायलेला माणूस जिना चढावा तसं.

"अंकल, नाकात थोडं वजन टाका," टोपीवाला म्हणाला. "शेपटीला जड होतंय."

"नकाशात फुली मारलीय," मी म्हटलं. "समतोल फुलीवरच आहे. मी मोजलाय."

"बट अंकल, कागद तर तुम्ही पतंगाचा लावला ना, जड..."

"फुली म्हणजे फुली!"

घरी आलो. बायकोने दारातच विचारलं, "उडालं?"

"जवळजवळ."

"हो का?"

असे बरेच रविवार गेले. दर रविवारी थोडी मोडतोड, दर आठवड्यात डागडुजी. टोपीवाला शेवटी फार मायेने म्हणाला, "अंकल, माझ्याकडे छोटा रिसीव्हर आहे, मी बसवून देतो, फुकट." मी त्याला असं काही बोललो की पुढचा रविवार तो माझ्या बाजूला फिरकलाच नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते काही खोटं नाही, पण मला तेव्हा ते कुणी म्हटलं असतं तर मी दोरीने गळा आवळला असता.

मग दसरा आला.

सकाळी आंघोळ करून बाहेर येतो तर बायकोने हत्यारांची पूजा मांडलेली. पाटावर शिलाई मशीन, कात्री, विळी, मिक्सर, माझा स्क्रूड्रायव्हर. आणि मधोमध माझं विमान! नाकावर हळदकुंकू. शेपटीला झेंडूची माळ. आणि ती हातात ओल्या कुंकवाची वाटी घेऊन पंखावर वाकलेली.

"अगं, काय करतेस! कागद आहे तो! ओला झाला की..."

"वर्षाचा सण आहे. ज्याच्यावर काम करतो त्याला हात जोडायचे. गेले दोन-तीन महिने तुम्ही दुसरं काय केलंय?"

मी हात जोडले. पण ती पंखावर स्वस्तिक काढायला निघाली तेव्हा मात्र मी आडवा आलो. "विमानाच्या पंखावर ते नको."

"का? शुभ असतं."

आता हिला दुसरं महायुद्ध कुठून सांगायला सुरुवात करू? बरीच घासाघीस झाली आणि शेवटी 'श्री'वर मिटलं. डाव्या पंखावर एक श्री, उजव्या पंखावर एक श्री. पिवळ्या कागदावर लालभडक. आरती झाली. मग तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आज संध्याकाळी सीमोल्लंघनाला कुठंतरी जायचंच. चला तुमच्या मैदानावर. आज उडतंय."

"तुला कसं माहीत?"

"आज पूजा झालीय."

ती येत होती! पूजेमुळे येवो नाहीतर माझी कीव आल्यामुळे, येत होती. मी शेपटीची माळ काढली, कुंकू वाळेपर्यंत पंखाखाली वर्तमानपत्राने वारा घातला. दुपारी जेवल्यावर थोडं कलंडून आम्ही निघालो. स्कूटरला झेंडू, मी पुढे, ती मागे विमान मांडीवर आडवं धरून. सिग्नलला लोक हात जोडत होते, स्कूटरला की विमानाला कोण जाणे.

मैदानावर टोपीवाला होता, बाकीचेही होते. बायकोने सगळ्यांना आपट्याची पानं दिली. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." ती पोरं रिमोट बाजूला ठेवून तिच्या पाया पडली. मला अंकल म्हणणारी पोरं तिला 'काकू' म्हणाली. दहा मिनिटांत ती त्यांच्या खुर्चीवर बसून त्यांचं थंड पेय पीत होती, आणि मी मैदानात उभा.

मी स्कूटरपाशी जाऊन विमान उचललं. आतून खुळखुळ आवाज आला.

विमानाच्या नाकात एक छोटी पोकळी असते, वजनासाठी. तिला झाकण. मी दूरचा चष्मा काढून स्कूटरच्या डिकीवर ठेवला, जवळचा लावला, झाकण उघडलं. आत माझे खिळे होतेच, आणि त्यांच्यावर एक भलीमोठी सुपारी, हळदकुंकू लावलेली.

"हे काय?"

"गणपती आहे तो," ती खुर्चीवरून म्हणाली. "पूजेला सुपारीचा गणपती लागतो. म्हटलं, आत ठेवला तर पडणार नाही."

"अगं, समतोल! फुली!"

"गणपतीला बाहेर काढलात," ती शांतपणे म्हणाली, "तर मी रिक्षा करून घरी जाईन."

टोपीवाला दुसरीकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते. मी झाकण लावलं. तिने बघावं म्हणून एवढा खटाटोप केला, आणि आता सुपारीपायी तिला घालवून देऊ? गेली खड्ड्यात फुली.

विमान धरायला मी तिलाच उभं केलं. तिने पदर खोचला. "नाक वाऱ्याकडे. असं. मी ओरडलो 'सोड' की सोड. फेकायचं नाही, नुसतं सोडायचं."

"कळलं हो. सोडायचं."

मी शेपटीत उदबत्तीचा तुकडा खोचला, पेटवला, हाताचा आडोसा करून फुलवला, आणि दोरी उलगडत वाऱ्याच्या दिशेने चालू लागलो. बराच लांब गेलो. वळून बघतो तर विमान म्हणजे एक पिवळा डाग आणि तिची साडी म्हणजे एक हिरवा डाग. मला वाटलं, ऊन आहे, डोळे दिपले. उडवण्याच्या घाईत डोळ्यांवर जवळचाच चष्मा राहिलाय हे डोक्यातच आलं नाही.

"सोड!" मी ओरडलो आणि पळालो.

दोरीला ओढ लागली. ती ओढ! इतक्या वर्षांनी हाताला तसलीच. पुण्याच्या माळावर लागायची तशी, सरळ, न थरथरता, कुणीतरी वरून आपला हात धरून चालावं तशी. मी पळत होतो, पोट हलत होतं, चपला कुठे राहिल्या माहीत नाही. मग दोरी एकदम सैल पडली. कडी सुटली होती.

मी वळलो, मान वर केली.

काहीच नाही! सगळं आभाळ धुरकट. मी चष्मा चाचपला आणि मला कळलं. दूरचा चष्मा डिकीवर, स्कूटर तिकडे रस्त्याला, आणि मी इकडे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. काय बोललो ते इथे लिहीत नाही. मी तिच्याकडे धावत सुटलो. धावताना माझ्या कानावर एक विचित्र गोष्ट येत होती, म्हणजे काहीच येत नव्हतं. सगळी इंजिनं बंद होती.

मी तिच्यापाशी पोचलो. ती मान वर करून उभी होती.

"पडलं का?" मी धापा टाकत विचारलं. "नाक वर करतंय का? थबकतंय का?"

"छे हो," ती म्हणाली. "फिरतंय. गोल फिरतंय. अगं बया, किती सावकाश."

"किती उंच?"

"खूप. आपल्या बिल्डिंगच्या वर. आणखी वर. अहो, ते चढतंय!"

गरम हवा! सापडली होती. विमान हातचं जाण्याची भीती होतीच, पण त्याच वेळी मला नाचावंसंही वाटलं. "काही हरकत नाही," मी म्हटलं, "आता उदबत्ती रबरापर्यंत येईल, शेपटी उचलेल, येईल खाली."

"कुठली उदबत्ती?"

"शेपटीतली."

"ती होय? ती मी विझवली."

"विझवली?"

"कागदाला धूर लागत होता," ती वरची नजर न काढता म्हणाली. "तुम्ही गेलात तिकडे, शेपटीला आग लागली असती तर? देवाची उदबत्ती तोंडाने फुंकू नये, म्हणून चिमटीत धरून विझवली. भाजलं पण जरा."

मागून टोपीवाल्याचा आवाज आला. "अंकल, ती आता परत नाय येणार." मग म्हणाला, "नाकात वजन टाका, मी बोललो होतो ना."

दुसरा कुठलाही दिवस असता तर मी त्याला खाऊन टाकलं असतं. पण मी त्या दोघांवर ओरडायला तोंड उघडलं आणि बंद केलं, कारण जवळच्या चष्म्यातून मला बायकोचा चेहरा लख्ख दिसत होता. कपाळावरचं सकाळचं कुंकू जरा फिसकटलेलं. मान पूर्ण वर, पदर खांद्यावरून सुटलेला, भाजलेली बोटं नकळत तोंडाशी धरलेली. आणि तोंडाचा आ झालेला. मी हा चेहरा ओळखत होतो. माझ्याच पावसाच्या फोटोतला.

"सांग ना," मी म्हटलं. "कुठे आहे?"

"खाडीवर गेलं. आता पलीकडे. ऊन पडलंय ना त्याच्यावर, चमकतंय. पंख जरासा कललाय, तुम्ही सांगायचात ना, तसंच. आता उलव्याच्या बाजूला. एवढंसं झालं."

"अजून दिसतंय?"

"दिसतंय."

टोपीवाल्याने हाताचा आडोसा करून बघितलं, मान हलवली आणि हळूच मागे गेला. ती तशीच उभी होती. बोटाने दाखवत होती, मी तिच्या बोटाकडे बघत होतो.

"आता कुठे?"

"जासईकडे. त्या कंटेनरांच्या वर असेल आता. अजून वरच चाललंय."

"आणि आता?"

"आहे हो. आहे."

सूर्य खाली आला. पोरांनी छत्र्या मिटल्या, गाड्या निघाल्या. एकाने जाताना माझ्या चपला आणून दिल्या. आम्ही दोघं स्कूटरपाशी आलो. मी डिकीवरचा दूरचा चष्मा उचलला, लावला आणि जासईच्या दिशेला बघितलं. स्वच्छ, मोकळं, रिकामं आभाळ. उडालं, इतकं उडालं, आणि मीच नाही पाहिलं.

ती मागे बसली. मोकळ्या मांडीवर हात ठेवले. मी किक मारता मारता थांबलो.

"खरं सांग," मी म्हटलं. "जासईपर्यंत दिसत होतं तुला?"

"का? खोटं वाटतंय?"

"तसं नाही. पण एवढ्या लांबचं..."

"हे बघा," ती म्हणाली. "तुमची पुण्याची विमानं मी कधी पाहिली नव्हती. आता हे तुम्ही नाही पाहिलंत. मी तुमचं मानलं, तुम्ही माझं माना."

मी मान्य केलं. तिने मागून माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाली, "चला आता. टेबल रिकामं पडलंय."